पुसलेली कात्री

बाबा शिंपी होते आणि त्यांच्या दुकानात एकच कायदा होता. कात्री खाली पडली की आधी कात्री उचलायची, बाकीचं जग नंतर. मी सहा वर्षांची असताना कटिंगच्या टेबलावरून कात्रीसकट खाली आले. गुडघा फुटला होता, रक्त वाहत होतं. बाबांनी कात्री उचलली, फडक्यानं पुसली, स्क्रूवर तेलाचा थेंब सोडला, दोनदा हवेत चालवून बघितली, पात्यांना चिंधीची पट्टी गुंडाळली आणि खिळ्यावर टांगली. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "रडू नकोस, धार गेलेली नाही."

हसू नका. त्या कात्रीवर आमची चार तोंडं जगत होती. आणि पट्टी अशासाठी, की उघडी कात्री टांगली तर कधी ना कधी कुणाच्या डोळ्यात टोक जातं, असं ते म्हणायचे. मी ते शिकले. इतकं शिकले की पुढे मला ते करताना कळायचंच नाही. बोलता बोलता, भांडता भांडता, गिऱ्हाइकाला शिव्या घालता घालता माझे हात कात्री पुसून, गुंडाळून टांगून मोकळे व्हायचे. माझ्या प्रत्येक कपड्याला मी स्वतः खिसा लावते आणि प्रत्येक खिशात चिंधी असतेच. धाकट्या भावानं मात्र पट्टी कधी गुंडाळली नाही. मार खाल्ला, बोलणी खाल्ली, पण कात्री उघडीच टांगली. तो मशीनवरचा माणूस. शिलाई अशी सरळ, की फूटपट्टी ठेवून बघा.

बाबा गेल्यावर दुकान आम्ही तिघांनी चालवलं. कटिंग माझं, शिलाई धाकट्याची आणि इस्त्री काकांची. काका म्हणजे नात्यातले कुणी नव्हेत. बाबांच्या वेळेपासून इस्त्रीच्या टेबलामागे उभा असलेला माणूस, म्हणून काका. त्यांना दोन गोष्टी यायच्या, घडी घालणं आणि चेष्टा करणं. दोन्हींत त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं.

धाकट्याचं बिनसायला लागलं ते आधी माझ्याच लक्षात आलं, आणि मीच ते झाकलं. झाकली मूठ सव्वा लाखाची, दुसरं काय! तो माझ्याकडे बघताना माझ्या चेहऱ्याकडे बघायचा नाही, खांद्याकडे बघायचा. मग प्रश्न सुरू झाले. "बाबांनी मला मशीनवर कितव्या वर्षी बसवलं?" मी म्हटलं, अकराव्या. तो म्हणाला, "पाठ केलंयस चांगलं." मला वाटलं, थट्टा करतोय. दुसऱ्या दिवशी परत. आईच्या पेटीला कुलूप कुठलं होतं, मला पहिला मार कशावरून पडला. मी बरोबर उत्तर दिलं की तो मान हलवायचा, मास्तरानं कॉपी करणाऱ्या पोराकडे बघावं तसा.

एकदा दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. तो टेप घेऊन माझ्या मागे आला आणि म्हणाला, "सरळ उभी राहा." मी राहिले. त्यानं खांदा मोजला. मग फळीवरून मापांची जुनी वही काढली, बाबांच्या अक्षरातली, आणि माझ्यासमोर धरली. "ताईचा खांदा चौदा," तो म्हणाला. "तुझा साडेचौदा. ताई कुठे आहे?"

अहो, ते माप माझ्या एकोणिसाव्या वर्षीचं. मी आता पंचेचाळिशीची, दोन वेळा बसून खाणारी बाई. टेप अजून माझ्या पाठीवर होती, दोन्ही टोकं त्याच्या हातात.

डॉक्टरकडे नेलं. नाही असं नाही, नेलं. त्यांनी गोळ्या दिल्या, महिन्याभरात तो माणसात आला. फक्त हात थरथरायला लागला. शिलाई वाकडी जायला लागली. शाळा उघडायच्या आधीचे दिवस, गणवेशांचा डोंगर, आणि हा तासाला एक बाही शिवतोय. एक दिवस मशीन थांबवून म्हणाला, "ताई, या गोळ्या बंद कर ना." मी म्हटलं, "बघते." आणि दुसऱ्या दिवसापासून त्याच्या चहाशेजारी गोळी ठेवणं मी थांबवलं. गणवेश वेळेवर गेले. ही गोष्ट मी पोलिसांना सांगितली नाही, वकिलाला सांगितली नाही, कोर्टात विचारलं तेव्हा मी म्हणाले की त्यानंच बंद केल्या. आज इथे सांगतेय.

दोन महिन्यांत सगळं परत आलं, आणि जास्तीचं घेऊन आलं. आता त्याच्या डोक्यात असं बसलं की खऱ्या ताईला काकांनी इस्त्रीखाली सपाट केलंय आणि घडी घालून कुठल्यातरी पार्सलात ठेवलंय. इस्त्री झालेली पार्सलं तो उघडून बघायचा. काका बिचारे परत घड्या घालत बसायचे. आधी त्यांनी समजावलं. "अरे वेड्या, ही तुझी ताईच आहे, फक्त जाड झालीय." मग कंटाळले आणि स्वभावावर गेले. त्या दिवशी मी बटणं आणायला निघाले तेव्हा धाकटा त्यांना विचारत होता, कुठल्या पार्सलात आहे. काका इस्त्रीवर पाणी शिंपडत म्हणाले, "वरच्या फळीवर आहे. घडी मोडू नकोस म्हणजे झालं." मी दारातून ऐकलं, आणि हसले. खोटं कशाला बोलू, हसले मी.

अर्ध्या तासानं परत आले तर जळक्या कापडाचा वास रस्त्यापर्यंत आला होता. वरच्या फळीवरची सगळी पार्सलं जमिनीवर, कागद फाटलेले, लोकांचे सदरे पसरलेले. काका इस्त्रीच्या टेबलाखाली पडले होते. धाकटा मशीनवर बसून बाही शिवत होता. न बघताच म्हणाला, "वरच्या फळीवर नाहीये ती."

मी काकांचं डोकं मांडीवर घेतलं, एवढं मला आठवतं. पुढचं आठवतं ते एकदम शेजारचा घड्याळवाला दारात उभा आणि त्याच्या मागे पोलिस. मधली दहा मिनिटं माझ्याकडे नाहीत. पोलिसानं विचारलं, "कशाला हात लावलात का?" मी म्हटलं, "काकांना. दुसऱ्या कशालाही नाही." त्यानं लिहून घेतलं, मी सही केली.

कात्री त्यांना खिळ्यावर सापडली. पुसलेली, तेल दिलेली. फक्त स्क्रूच्या खाचेत रक्त राहिलं होतं.

आता कोर्टाची गंमत ऐका. मला वाटलं होतं, डॉक्टरचे कागद आहेत, गोळ्यांच्या चिठ्ठ्या आहेत, पोरगा उघड उघड वेडा आहे, न्यायाधीश एकदा बघतील आणि दवाखान्यात पाठवतील. आमचा वकील सरकारनं दिलेला, तरुण, कायम सर्दी झालेला. तो म्हणाला, "बाई, आजारी असणं वेगळं आणि कायद्यानं वेडा ठरणं वेगळं. आजारी तर अर्धं गाव असतं. त्या घटकेला तो काय करतोय हे त्याला कळत नव्हतं, किंवा ते वाईट आहे हे कळत नव्हतं, असं आपल्याला दाखवायचंय. तीच घटका. त्याच्या आधी आणि नंतर तो कसाही असो."

"मग दाखवा की," मी म्हटलं.

त्यानं नाक पुसलं. "दाखवलं असतं. पण ती पुसलेली कात्री आडवी येते. सरकारी वकील म्हणणार, ज्याला काही कळत नाही तो कात्री पुसून, तेल देऊन जागेवर ठेवतो का? पुसली म्हणजे लपवायची होती. लपवायची होती म्हणजे वाईट आहे हे कळत होतं. न्यायाधीश तरी काय करतील? ती कात्री जमिनीवर पडलेली असती ना, तर आपण निम्मी केस जिंकलो होतो." आणि बोलता बोलता त्यानं फायलीतला फोटो माझ्यासमोर सरकवला.

फोटोत आमची भिंत होती, खिळा होता आणि कात्री होती. पात्यांवर तपकिरी पट्टी, चार वेढे, टोक डाव्या बाजूनं आत खोचलेलं. तपकिरी अस्तर मी त्या सकाळी एका कोटासाठी कापलं होतं. त्याची चिंधी माझ्या खिशात होती.

टेबलाची कड धरून मी बसून राहिले. वकिलानं विचारलं, पाणी हवं का. मी नको म्हटलं. ती कात्री धाकट्यानं पुसली नव्हती. जन्मात कधी त्यानं पट्टी गुंडाळली नव्हती. तो मारून मोकळा झाला, कात्री टाकली आणि बाही शिवायला बसला. मी आले, काकांचं डोकं मांडीवरून खाली ठेवलं आणि जमिनीवरची कात्री उचलली. आधी कात्री, बाकीचं जग नंतर.

त्याच क्षणी सांगून टाकायचं होतं, असं तुम्ही म्हणाल. तुमचं काय जातं? माझ्या मनात आधी काय आलं ते सांगते. आदल्या आठवड्यात मी त्याला तुरुंगात भेटायला गेले होते. मध्ये जाळी, दोन्ही बाजूंना बाकडं. अटकेनंतरच्या चौदा महिन्यांत त्यानं मला एकदाही ताई म्हटलं नव्हतं. त्यानं माझ्या खांद्याकडे बघितलं आणि हळू आवाजात, शेजारच्या शिपायाला ऐकू जाणार नाही असं म्हणाला, "अजून साडेचौदाच आहे. मी बाहेर आलो ना, की तुला उसवून बघणार आहे. आत ताई आहे का ते." चेहऱ्यावर राग नाही, काही नाही. काम समजावून सांगावं तसं.

शिक्षा होऊन तो तुरुंगात गेला तर जन्मभर जातो. वेडा ठरला तर दवाखान्यात जातो, आणि दवाखान्याला दार असतं. आज ना उद्या कुणीतरी डॉक्टर सही करतो आणि माणूस घरी येतो. घरी कोण? मी आणि माझी लेक. लेकीचा खांदा हुबेहूब माझ्यावर गेलाय, चौदा. शिवाय कात्री मी पुसली म्हटलं तर पुरावा नष्ट केला म्हणून माझ्याच हातात बेड्या. मी गप्प बसले. पाच दिवस गप्प बसले. दाराला आतून कडी, वर खुर्ची लावलेली. तो तुरुंगात आहे हे माहीत असून. भीतीला एवढी अक्कल कुठली असायला!

साक्षीच्या दिवशी घाईत निघाले ते गळ्यात टेप तशीच. कोर्टाच्या दारातला शिपाई म्हणाला, "काय बाई, कोर्टाचं माप घ्यायला आलात?" मी टेप काढून पिशवीत कोंबली. हसायला आलं नाही.

कोर्टाची खोली आमच्या दुकानापेक्षा फार मोठी नव्हती. न्यायाधीश बाई होत्या, माझ्याच वयाच्या, चष्मा नाकावर घसरलेला. डावीकडे लाकडी कठड्यात धाकटा, दोन शिपायांच्या मध्ये. समोरच्या बाकावर काकांची बायको, काकू. चौदा महिन्यांत तिचे केस पूर्ण पांढरे झाले होते. मी तिच्याकडे बघायचं टाळलं तर नजर धाकट्याकडे जायची, आणि तो माझा खांदा मोजत होता.

मला सरकारी वकिलानंच बोलावलं होतं, कारण काकांना आधी बघितलं ते मी. उंच माणूस, आवाज गोड. त्यानं सगळं विचारलं. दुकान, पार्सलं, जळका वास, वरच्या फळीवर नाहीये ती. मी सांगत गेले. मग कारकुनानं लाखेचं सील तोडून पाकिटातून कात्री काढली आणि माझ्या हातात दिली.

"ओळखता?"

"हो. बाबांची. मुठीवर कानशीची खूण आहे." कात्रीची दशा बघवत नव्हती. वर्षभर पाकिटात पडून पाती काळवंडली होती.

"आरोपी तुमच्या दुकानात किती वर्षं काम करतो? कात्री पुसून जागेवर ठेवायची असते, हे त्याला माहीत होतं?"

"लहानपणापासून."

"त्या दिवशी तुम्ही या कात्रीला हात लावला होता का?"

मी दाराकडे बघितलं, तिथे पोलिस उभा होता. धाकट्याकडे बघितलं. "नाही," मी म्हणाले.

"म्हणजे आरोपीनंच ती पुसली."

आमचा सर्दीवाला वकील ताडकन उठला. साक्षीदारानं बघितलेलं नाही ते तिच्या तोंडी घालू नका, म्हणाला. सरकारी वकील म्हणाला, दुकानात तिसरं होतं कोण, मेलेला माणूस? त्यावर आमचा, त्यावर तो. पुस्तकं उघडली, कलमांचे आकडे फेकले. न्यायाधीश बाई दोघांना ऐकत होत्या. मी उभी होते आणि माझ्या मनात एकच चाललं होतं, की सुटले. बोलून झालं. हा आता जन्मभर आत जाईल, लेक वाचली, मी वाचले, आणि मी माझ्या हातानं माझ्या भावाला पुरलं. आई असती तर तोंड बघितलं नसतं माझं.

"थांबा," न्यायाधीश बाई म्हणाल्या. दोघं वकील बोलायचे थांबले. त्या माझ्याकडे बघत होत्या. "बाई, तुम्ही काय करताय?"

"कुठे काय?" मी म्हटलं.

"तुमच्या हातात बघा."

मी बघितलं. कात्री पुसलेली होती, माझ्या रुमालावर काळे डाग होते. पात्यांवर निळी चिंधी, चार वेढे, टोक डाव्या बाजूनं आत खोचलेलं. आणि माझा उजवा हात कठड्याच्या खांबावर, वर, खिळा चाचपत होता.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. न्यायाधीश बाईंनी फोटो मागवला. कात्री मागवली. दोन्ही शेजारी ठेवून त्या बराच वेळ बघत राहिल्या.

"नाटक आहे हे," सरकारी वकील म्हणाला. "भावासाठी घरून सराव करून आली आहे."

"भावासाठी सराव केला असता तर आत्ताच 'नाही' कशाला म्हणाल्या असत्या?" न्यायाधीश बाई म्हणाल्या. मग मला म्हणाल्या, "त्या दिवशी ही कात्री तुम्ही पुसली होती?"

"मला आठवत नाही," मी म्हणाले. "पण ती पट्टी माझी आहे. धाकटा कधीच गुंडाळत नाही. त्यासाठी बाबांचा मार खाल्लाय त्यानं."

"मग पोलिसांना खोटं का सांगितलंत?"

"तेव्हा खोटं नव्हतं. तेव्हा मला माहीतच नव्हतं. आज खोटं होतं." मी कठडा दोन्ही हातांनी धरला होता. "मला त्याची भीती वाटते, बाईसाहेब. तो बाहेर आला तर मला मारील."

त्यांनी चष्मा काढला. "कात्री पुसताना तुम्ही काय करताय ते तुम्हाला कळत होतं?"

चौदा महिने हाच प्रश्न माझ्या भावाबद्दल विचारत होते. डॉक्टर येऊन गेले, कागदांचे गठ्ठे झाले. आता तो माझ्यासमोर ठेवला, आणि उत्तर एका शब्दाचं होतं. "नाही," मी म्हणाले.

"म्हणजे तुम्हीसुद्धा वेड्या?" सरकारी वकिलानं विचारलं. मागे कुणीतरी हसलं.

"नाही साहेब," मी म्हटलं, "शिंपीण आहे."

आणि तेव्हा डावीकडून आवाज आला. "ताई."

मी मान वळवली. धाकटा उभा राहिला होता. शिपायानं त्याचा दंड धरला होता, पण त्याला त्याचं भान नव्हतं. तो माझ्या खांद्याकडे बघत नव्हता. चेहऱ्याकडे बघत होता, चौदा महिन्यांत पहिल्यांदा, आणि मग टेबलावरच्या कात्रीकडे, त्या पट्टीकडे. मापं पाठ करता येतात, बाबांच्या गोष्टी पाठ करता येतात. पण ते हात त्याला ओळखू आले. त्याचा चेहरा उजळला, लहानपणी शाळेबाहेर मला बघून उजळायचा तसा. "ताईच आहे ही," तो शिपायाला म्हणाला. "बघा ना, आमची ताई आहे."

मला रडू फुटलं. भीती गेली, असं वाटलं. किती वेळ? पाच मोजेपर्यंत.

कारण तो अजून उभा होता आणि काहीतरी जुळवत होता. मला दिसत होतं. शिलाई उलटी लागली की तो कापड असंच हातात धरून बघायचा, कुठून चुकलं ते शोधत. त्याची नजर माझ्यावरून समोरच्या बाकावर गेली, काकूवर. तिच्या पांढऱ्या केसांवर.

"मग काका खोटं बोलत नव्हते," तो म्हणाला.

त्यानं आपले दोन्ही हात वर घेतले, उलटे केले, सुलटे केले. मग खाली बसला, आणि त्याच्या तोंडून जो आवाज निघाला तो मी माणसाच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. शिपायांनी त्याला उचलून नेलं. जिन्यावरून तो आवाज खालपर्यंत ऐकू येत गेला.

निकाल महिन्यानं लागला. मारलं त्यानंच, पण त्या घटकेला त्याला कळत नव्हतं, म्हणून शिक्षा नाही. बरा होईपर्यंत सरकारी दवाखान्यात, पहाऱ्यात. मला खोट्या साक्षीबद्दल न्यायाधीश बाईंनी भर कोर्टात झापलं आणि सोडून दिलं. जिन्यात काकू भेटली. मी तिचे पाय धरायला वाकले तर ती बाजूला झाली. "तुझा भाऊ कुठेतरी आहे," ती म्हणाली. "माझा माणूस वरच्या फळीवरसुद्धा नाही." त्यानंतर ती माझ्याशी कधी बोलली नाही, आणि तिनं बोलावं असं मी तरी कुठल्या तोंडानं म्हणू?

दर महिन्याला मी दवाखान्यात जाते. लोखंडी खाट, खिडकीला जाळी, भिंत अर्धी हिरवी आणि अर्धी पांढरी. पहिले काही महिने दार उघडताना, आता मला उसवील, असं वाटायचं. तसं काही झालं नाही. गोळ्या लागू पडल्या. तो जेवतो, झोपतो, मला ताई म्हणतो, लेकीची चौकशी करतो. डॉक्टर खूश आहेत. परवा म्हणाले, "इतकी चांगली सुधारणा मी कमी बघितलीय. पुढच्या वर्षी घरी सोडायचा विचार करता येईल."

त्याच दिवशी आम्ही खाटेवर शेजारी शेजारी बसलो होतो. त्याचा हात थरथरत होता. त्यानं बोटांची वीत करून माझ्या खांद्याला लावली. मी दचकले नाही, पण श्वास धरून बसले.

"साडेचौदाच आहे," तो म्हणाला. "तेव्हा मी बरोबरच मापलं होतं. तू फक्त जाडी झाली होतीस. काका तेच सांगत होते."

"नको आठवूस," मी म्हटलं.

"आठवायला लागत नाही. ते जातच नाही. आधी निदान मला वाटत होतं, मी तुला शोधत होतो." मग माझा हात धरून, अगदी हळू, लहानपणी हट्ट करायचा त्या आवाजात म्हणाला, "ताई, या गोळ्या बंद कर ना. मागे केल्या होत्यास तशा."

त्याला माहीत होतं. चहाशेजारी गोळी नसायची तेव्हापासून त्याला माहीत होतं, आणि त्यानं एका शब्दानंही मला कोर्टात त्यात ओढलं नव्हतं. मी त्याच्याकडे बघितलं. वेडा असताना त्याची जेवढी भीती वाटली नव्हती तेवढी आता वाटली. दारात परिचारिका गोळी आणि पाण्याचा पेला घेऊन उभी होती.

"बघते," मी म्हणाले.